डावाआधीचा शब्द

माझा आवाज गेला तेव्हा गावातली निम्मी माणसं हळहळली आणि उरलेल्या निम्म्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी सर्जेराव खोत. येरळेकाठच्या पांढरमाळ गावात हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण विज्ञानासाठी मला कोणी ओळखत नाही. लोक ओळखतात ते कुस्तीच्या मैदानातल्या निवेदनासाठी. आमच्या भागात जत्रेचं मैदान भरलं, की मातीच्या हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या, कडेला फेटा बांधून, हातात माईक घेऊन उभा राहणारा, पैलवानाच्या पणज्यापासून त्याच्या खुराकापर्यंत सगळं सांगणारा आणि डाव लागला की हलगीलाही मागे टाकणारा माणूस म्हणजे मी. वर्गातसुद्धा मी त्याच आवाजात शिकवायचो. न्यूटनचा तिसरा नियम शेजारच्या तुकडीतल्या पोरांनाही फुकटात पाठ व्हायचा.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि जीव वाचवला. श्वासासाठी मानेवर एक भोक राहिलं आणि हातात पाटी आली. काही हवं असलं की मी पाटीवर लिहायचो. मालन, म्हणजे आमची बायको, सुरुवातीला कौतुकाने वाचायची, नंतर कंटाळली.

"तुमच्याशी भांडायची काय मजाच राहिली न्हाई बगा," ती एकदा म्हणाली. "मी हिकडं बोलून मोकळी होतीया, आणि तुम्ही तिकडं खडू हुडकताय."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे पदराने डोळे पुसत उभी राहिली. मला दाराच्या फटीतून दिसत होतं.

मला स्वतःला एकाच गोष्टीचं दुःख होतं. थोरल्या लेकीची मुलगी शर्वरी तान्हेपणापासून आमच्याकडेच राहते. गावच्या तालमीच्या उंबऱ्याला धरूनच ती उभी राहायला शिकली. तिची पहिली मोठी कुस्ती झाली की निवेदन मीच करणार, हे मी तिला आणि अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. आता पोरगी मोठ्या कुस्तीच्या लायकीची झाली, आणि नेमका आजा मुका झाला.

अशा दिवसांत तबस्सुम आली. तबस्सुम मुजावर माझी विद्यार्थिनी. नववीत असताना तिने विचारलं होतं, "सर, इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन अवस्थांत असतो म्हणजे नेमकं काय?" मी म्हणालो होतो, पुढच्या तासाला सांगतो. तो तास काही आलाच नाही, तेव्हा तिने स्वतःच शोधायला घेतलं आणि आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती पुंजभौतिकीत, म्हणजे क्वांटम फिजिक्समध्ये, संशोधन करते. तिने पिशवीतून एक राखाडी पट्टी काढली. मफलर गुंडाळावा तशी ती गळ्याभोवती बसत होती, फक्त हनुवटीखाली जरा जाड होती.

"सर, यात हिरे आहेत," ती म्हणाली.

मालन लगबगीने जवळ आली. "खरं?"

"खरे आहेत काकू, पण साखरेच्या दाण्याहून लहान. आणि मुद्दाम बिघडवलेले."

तिने जे सांगितलं ते मी माझ्या नववीच्या वर्गाला सांगावं तसं सांगतो. हिरा म्हणजे शिस्तीत बसवलेले कार्बनचे अणू. त्यातला एखादा अणू काढून तिथे नायट्रोजनचा बसवायचा, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामीच ठेवायची. त्या रिकाम्या जागेत जे इलेक्ट्रॉन अडकतात, ते पुंजभौतिकीच्या नियमांनी वागतात. त्यांच्या फिरकीच्या अवस्था ठरलेल्या असतात. ही किंवा ती, किंवा दोन्हींचं मिश्रण. त्यांच्यावर हिरवा लेझर टाकला की ते लाल चमकतात, आणि कोणत्या अवस्थेत आहेत त्यावर ती चमक कमी-जास्त होते. आसपासचं चुंबकत्व केसभर बदललं, तरी या अवस्थांमधलं अंतर बदलतं आणि ते चमकेवरून वाचता येतं. म्हणजे एक कण हिरा घेऊन कुठलंही चुंबकत्व मोजता येतं, तेही पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा लाखो पटींनी क्षीण.

आता आपल्या कामाचा भाग. आपण बोलतो तेव्हा मेंदू जिभेला, जबड्याला, ओठांना मज्जातंतूंमधून विजेचे संदेश धाडतो. जिथे वीज वाहते तिथे चुंबकत्व आलंच. माझं स्वरयंत्र गेलं होतं, पण जीभ आणि जबडा शाबूत होता, आणि मेंदू आपला नेमाने संदेश पाठवत होता. पट्टीतले हिरे ते टिपायचे, आतला संगणक त्यांचे शब्द करायचा आणि छोट्या कर्ण्यातून आवाज यायचा.

"आवाज कुणाचा?" मी पाटीवर लिहिलं.

"तुमचाच. तुमची जुनी ध्वनिमुद्रणं घेतली की."

इथेच घोटाळा झाला. माझी ध्वनिमुद्रणं होती ती सगळी मैदानातली. तबस्सुमने पट्टी बांधली, माझ्याकडून काही दिवस शब्द घोटून घेतले, आणि एके दिवशी मी तोंड हलवून पहिलं वाक्य म्हणालो. साधंच होतं, "मालन, चहा टाक." पण ते बाहेर पडलं हिंदकेसरीच्या कुस्तीची घोषणा करावी तसं. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मालन आधी दचकली, मग रडली, मग हसली, आणि तिने खरोखरच चहा टाकला.

पहिले चार दिवस आनंदात गेले. मग मेव्हणा आला.

मालनचा भाऊ स्वभावाने चांगला आहे, पण बसला की उठत नाही. तो नव्या विजेच्या गाडीचं कौतुक सांगत होता. मी मान डोलावत होतो. मनात सहज येऊन गेलं, आणि पट्टी गरजली, "आता ह्यो जेवल्याबिगर काय हलत न्हाई!"

मी हातवारे करून सारवासारव करतोय तोवर ताट वाढून आलं. आमटीचा पहिला भुरका मारला आणि पट्टी पुन्हा गरजली, "मीठच न्हाई!"

मेव्हणा खाली मान घालून जेवला आणि लवकर गेला. मालन कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"इतकी वर्षं 'झक्कास झालीया' म्हणत खाल्लासा. आनि काय काय दडवून ठेवलंय आत? होऊ द्या की भायेर."

मी घाबरून तबस्सुमला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली आणि मग शहाण्यासारखं बोलली. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही जिभेकडे अगदी मंद संदेश जातात. एरवी जीभ हलत नाही, म्हणून ते कोणाला कळत नाही. हिऱ्यांना मात्र कळतं. पट्टीच्या बाजूला एक चकती होती. ती आवळली की मंद संदेश गाळले जायचे आणि ठामपणे तोंड हलवून म्हटलेलेच शब्द बाहेर यायचे. आम्ही तिला चाळणी म्हणायला लागलो. चाळणी घट्ट असली की मी सभ्य माणूस, पण बोलणं सावकाश आणि सपाट. चाळणी मोकळी असली की बोलणं पाण्यासारखं, पण पोटातलं सगळं ओठावर.

घरात चाळणी घट्ट ठेवायची असं ठरलं. मालन मात्र आमटी वाढली की हळूच हात लांब करून ती सैल करायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. घास घेण्याआधी चांगलंचुंगलं मनात आणायची सवय मला तेव्हापासून लागली. गंमत म्हणजे त्यामुळे आमटीही बरी लागायला लागली.

मैदानात मात्र घट्ट चाळणी चालणार नव्हती. कुस्ती काही निवेदकासाठी थांबत नाही. शेजारच्या गावच्या जत्रेत मी चाळणी पूर्ण मोकळी करून, पट्टी लाऊडस्पीकरला जोडून उभा राहिलो. पहिली जोड सुटली आणि माझा आवाज माळावर घुमला तेव्हा म्हातारी माणसं जागेवरून उठली. कोणी टोप्या उडवल्या. एका पैलवानाने तर लढत सोडून माझ्याकडे बघितलं आणि तो त्या नादात चितपट झाला. मी इतकं सुखाने कधीच बोललो नव्हतो. शब्द शोधावा लागत नव्हता, श्वास पुरवावा लागत नव्हता, डोळ्याला दिसलं की ते माळभर ऐकू जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौगुले वस्ताद घरी आले. पलीकडच्या तालुक्यात त्यांची मोठी तालीम आहे. माणूस गोडबोल्या, पण नजर घारीची. चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "मास्तर, एक इचारू का? काल तुमचा आवाज आदी येत हुता आणि डाव मागनं. मी कुस्ती बगत हुतो का भविष्य?"

"म्हणजे?"

"माझ्या पोरानं ढाक मारायला कंबर नुसती वळीवली. तुम्ही 'ढाक' म्हणून आरडलासा. समोरच्यानं हात काढून घेतला की वो! पोरगं हरलं."

मी हसण्यावारी नेलं. वस्ताद गेल्यावर मात्र मी तबस्सुमला चित्रीकरण पाठवलं, आणि तिने शब्द आणि डाव शेजारी शेजारी लावून पाहिले. संध्याकाळी ती पडद्यावर आली ती गंभीर चेहऱ्याने.

"सर, वस्ताद खरं बोलतायत. शब्द आधी आहे. फार नाही, पण पैलवानाला सावध व्हायला पुरेल एवढा."

यात जादू काही नव्हती. पैलवान डाव मारण्याआधी त्याचा गुडघा सैल होतो, खांदा उतरतो, टाच वळते. जन्मभर कुस्त्या पाहिलेल्या माणसाचा मेंदू हे टिपतो आणि पुढचं ताडतो, आणि ताडलेला डाव मनात उच्चारतोही. सगळ्यांचाच मेंदू असा पुढचं ताडत जगतो. पूर्वी माझा शब्द बाहेर पडायला वेळ लागायचा. छाती भरायची, घसा ताणायचा, आणि तेवढ्यात डाव होऊन जायचा. चुकीचा अंदाज असला तर तो घशातच मरायचा. आता मध्ये घसाच नव्हता.

"तुमचा घसा तुमच्यावर पहारा करायचा सर," तबस्सुम म्हणाली. "मी तो पहारा उठवला."

तिने तोडगाही सुचवला. आवाज क्षणभर अडवून मग सोडायचा. करून पाहिलं. पण आपलाच शब्द आपल्या कानावर उशिरा पडला की जीभ अडखळते, हे शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मी "प-प-पट काढला" असं बोलायला लागलो. कानात बोळे घातले तर प्रेक्षक ऐकू येईनात, आणि प्रेक्षकांशिवाय निवेदन म्हणजे एकट्याने टाळ्या वाजवणं. चाळणी घट्ट करून पाहिली, तर "जिंकला" हा शब्द जिंकलेला पैलवान अंघोळ करून आल्यावर बाहेर पडायचा.

शेवटी आसपासच्या जत्रांनी आपसांत ठरवून टाकलं. खोत सर लहान कुस्त्यांना मोकळे बोलतील, मोठ्या कुस्त्यांना गप्प बसतील. मला वाईट वाटलं, पण पटलं. आणि त्याच आठवड्यात आमच्या गावच्या जत्रेच्या कुस्त्या ठरल्या. मुलींची शेवटची कुस्ती, मानाच्या गदेसाठी, शर्वरी विरुद्ध ऋतुजा पाटोळे. ऋतुजा चौगुले वस्तादांची पट्टशिष्या, अंगाने शर्वरीपेक्षा भारी.

शर्वरी तालमीतून आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आबा, माझ्या कुस्तीला तुम्ही बोलायचं न्हाई. एक शब्द न्हाई."

"मोठ्या कुस्तीला मी बोलतच नाही आता."

"तसं न्हाई. गाव आग्रह करंल. तुम्ही पाघळाल. तुम्हाला माझा सगळा खेळ पाठ हाय. मी डोळा मिटला तरी तुम्हाला कळतं, आता ही पट काढणार. तुम्ही बोललात की मी हरले."

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं आणि म्हणूनच ते लागलं. जिच्या कुस्तीसाठी मी गळ्यात पट्टी बांधून घेतली, तिलाच माझा आवाज नको होता. मी मान हलवली. चाळणी घट्ट होती, म्हणून मनातलं मनातच राहिलं.

पण वस्तादांना बातमी लागली. ते थेट जत्रेच्या बैठकीत येऊन उभे राहिले. "खोत मास्तरांनी बोलायचं. मोकळ्या चाळणीनं. गावचा निवेदक गावच्या गदेला गप बसला तर मैदानाला काय शोभा?"

"वस्ताद, तक्रार तुम्हीच केली होती ना?" मी विचारलं.

"व्हय, केलती. माझ्या पोराचा डाव मैदानात फुटला, तवा तुम्हाला टाळ्या पडल्या. आता घरच्या पोरीचा तेवढा झाकायचा? लोक काय म्हणतील मास्तर?"

बैठक माझ्याकडे बघायला लागली. वस्तादांचा कावा शेंबड्या पोरालाही कळला असता. मी दोघींनाही ओळखतो, पण शर्वरीला सगळ्यात जास्त, म्हणजे फुटले तर तिचेच डाव जास्त फुटणार. पण बोलणं बिनतोड होतं. दुसऱ्याच्या पोराचा डाव मी फोडलाच होता. आता गप्प बसलो तर नातीसाठी गप्प बसलो असंच होणार, आणि शर्वरी जिंकली तरी त्या गदेला लोक नावं ठेवणार. घरी येऊन मी शर्वरीला सगळं सांगितलं. ती नखाने जमिनीवर रेघा ओढत बसली.

"बोला मग," ती म्हणाली. "पण आजपास्नं जत्रेपर्यंत तालमीकडं फिरकायचं न्हाई."

"अगं पण..."

"न्हाई म्हणजे न्हाई."

मला वाटलं पोरगी रागावली. मालनला विचारलं, तर तीही काही सांगेना. ती रोज दुधाचा तांब्या घेऊन तालमीत जायची आणि परत येऊन गालात हसायची. मी घरात बसून मनाला लगाम घालायचा सराव केला. डाव मनात येऊ नये म्हणून पडद्यावर कुस्त्या लावून पाढे म्हणून पाहिले. पट्टी "बारा चोक अठ्ठेचाळीस, एकेरी पट, बारा पंचे साठ, ढाक" असं बोलायला लागली. मालनने पडदा बंद केला आणि मला लसूण सोलायला बसवलं.

जत्रेचा दिवस उजाडला. हल्ली आमच्या जत्रेतले पाळणे सौर विजेवर फिरतात आणि हौद्यावर चित्रीकरण करणारी यंत्रं भुंग्यांसारखी घिरट्या घालतात, पण माती मात्र तीच, ताक आणि तेल घालून मळलेली लाल माती. तबस्सुमही पुण्याहून आली होती. उन्हं कलली आणि गदेची कुस्ती पुकारली. मी सगळ्यांसमोर चाळणी पूर्ण मोकळी केली. वस्तादांनी ते पाहून खूश होऊन मान डोलावली.

दोघींनी शड्डू ठोकले, हात मिळवले आणि हलगी कडाडली.

सुरुवातीलाच शर्वरीचा डावा पाय किंचित मागे सरकला. "एकेरी पट!" पट्टी ओरडली. ऋतुजाने झटकन पाय मागे घेतला आणि शर्वरीचे हात मातीत पडले. लोक हळहळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा दोघी भिडल्या. "ढाक!" पट्टी म्हणाली आणि ऋतुजाने हात आवळून घेतला. शर्वरीचा एकेक डाव मी असा चव्हाट्यावर मांडत होतो. ऋतुजाचेही दोन डाव माझ्या तोंडून फुटले, नाही असं नाही, पण ते किरकोळ होते. मी जीभ दाताखाली धरली. त्याने काही होत नाही, संदेश जायचा तो जातोच.

मग ऋतुजाने शर्वरीला खाली घेतलं आणि पाठीवर ताबा मिळवला. शर्वरी पालथी, ऋतुजा वर. खाली गेल्यावर शर्वरी काय करते ते मला झोपेतही सांगता आलं असतं. ती उजवा गुडघा रोवते आणि उठते. लहानपणापासून तिचं तेच. "आता गुडघा रोवणार," पट्टीने जाहीर केलं. ऋतुजाने सगळा भार उजवीकडे टाकला.

पण गुडघा आलाच नाही. शर्वरीचं अंग एकदम ढिलं पडलं. छाती मातीला टेकली, मान वळली, हात पसरले. तिची ताकद संपली असं मला वाटलं. पट्टीतून सगळ्या माळावर माझा आवाज फाटला, "गेली! पोरगी गेली!"

ऋतुजानेही ते ऐकलं. कुस्ती मारलीच म्हणून ती घाईने पुढे झुकली, शर्वरीला उलटवायला. आणि त्याच क्षणी शर्वरीने पसरलेल्या हाताने तिचा दंड आपल्या छातीशी आवळला आणि ती स्वतःच, ऋतुजाला जिकडे ढकलायचं होतं तिकडेच, दुप्पट वेगाने लोळली. वरची खाली आली. ऋतुजाचे दोन्ही खांदे मातीत होते आणि शर्वरी तिच्या छातीवर आडवी. पंचाने हात वर केला.

माझी पट्टी काही बोलली नाही; मला तालमीबाहेर ठेवून घोटलेला हा डाव मी तिच्याकडे कधी पाहिलाच नव्हता. हलगी मात्र वेडी झाली, लोक हौद्यात उतरले. तबस्सुम खुर्चीवर चढून ओरडत होती, मालन तिला धरून ओरडत होती. कोणीतरी गदा आणून शर्वरीच्या खांद्यावर ठेवली.

गर्दीतून वाट काढत चौगुले वस्ताद माझ्यासमोर आले. त्यांचा चेहरा लालबुंद होता.

"मास्तर, आता खरं सांगा. 'गेली' म्हणून आरडलासा ते ठरवून का? आजा-नातीनं मिळून माझ्या पोरीला फसीवलं का?"

जवळची माणसं वळून बघायला लागली. मग त्यांच्या मागची. मी छाती पुढे काढली. वस्ताद, इतक्या वर्षांच्या निवेदनात मी कधीही, असं काहीतरी भारदस्त बोलायचं मी जुळवत होतो. पण चाळणी मोकळी होती.

"कशाचं ठरवून, डोंबल!" पट्टी लाऊडस्पीकरवरून गरजली. "मला वाटलं हरली पोरगी! आता मालन काय म्हणंल, आणि हिला कसं तोंड दाखवू, ह्या इचारात हुतो मी!"

अख्खं मैदान हसलं. वस्तादांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग त्यांच्याही चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटलं.

"ह्या पट्टीला लबाडी येत न्हाई," ते लोकांकडे वळून म्हणाले, "हे माझ्याएवढं कुणाला ठावं? कुस्ती निकाली. पोरीनं मारली." त्यांनी ऋतुजाच्या पाठीवर हात ठेवला आणि शर्वरीच्या डोक्यावर आपला फेटा काढून घातला.

शर्वरी मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केसात माती, नाकावर माती, डोक्यावर तो ढगळ फेटा.

"हरली वाटलं? तुम्हाला? मी?"

मी नाही म्हणून मान हलवली. पट्टी म्हणाली, "वाटलं. लई भ्यालो. तुला मी अंतर्बाह्य वळखतो म्हणून जगभर मिरवत हुतो, आणि मला कायसुदीक कळलं न्हाई. बाळा, लई भारी वाटलं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही सुचलं नाही. तिचेही डोळे भरले, पण ती माझी नात आहे, मैदान कसं राखायचं ते तिला कळतं. तिने गदा खाली टेकवली, दोन पावलं मागे जाऊन पवित्रा घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग आता सांगा आबा, माझा पुढचा डाव कुठला?"

लोकांनी कान टवकारले. हलगीवाल्याने हात थांबवला. चाळणी पुरती मोकळी होती, मनात पुसटसा शब्द उमटला असता तरी साऱ्या माळाला ऐकू गेला असता. मी तिच्या टाचा पाहिल्या, गुडघे पाहिले, खांदे पाहिले, डोळ्यांत निरखून पाहिलं. पट्टीतून चकार शब्द आला नाही, आणि मी तोंडभर हसत उभा होतो.